पृथ्वीच्या पोटाचा कानोसा : रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम

भूगोलाच्या पेपरात पृथ्वीच्या अंतरंगाची आकृती काढली नाही असा विद्यार्थी कला शाखेत विरळाच. कंपासने तीन वर्तुळे काढायची, बाहेरच्याला कवच म्हणायचे, मधल्याला प्रावरण आणि आतल्याला गाभा; पेन्सिलीने थोडी छटा द्यायची की चार-पाच गुण पदरात पडतात. ही वर्तुळे प्रथम कोणी काढली, आणि जिथे माणूस कधीच गेला नाही व जाणारही नाही तिथले अंतर त्याने कशाने मोजले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. म्हणून आपणही तो विचारत नाही. पाठ्यपुस्तकात ओल्डहॅम हे नाव एका ओळीत येते आणि पुढच्या ओळीत पुसले जाते.

मला हे नाव पुन्हा भेटले ते एका वेगळ्याच कारणाने. आमची वस्ती दौंड तालुक्यात, भीमेपासून थोडी लांब. थंडीच्या दिवसांत पहाटे बोअरची मोटार सुरू केली की पाइपातून पडणाऱ्या पाण्यावर वाफ दिसते, हात घातला तर ऊब लागते. आमच्या चुलत्यांचे मत असे की खाली अजून लाव्हा धुमसतो आहे. आपला सगळा मुलूख ज्वालामुखीच्या दगडाचा, त्यात 1967 साली कोयनेचा आणि 1993 साली किल्लारीचा भूकंप झालेला, तेव्हा त्यांचे म्हणणे अगदीच हवेतले वाटत नाही. वर्गात एकदा हा विषय निघाला, तेव्हा एका मित्राने पुढची पायरी गाठली. इटलीत, आइसलँडमध्ये, न्यूझीलंडमध्ये जमिनीतल्या उष्णतेवर वीज करतात, मग शिरूर-दौंडच्या माळावर का करू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी ओल्डहॅम पितापुत्रांपर्यंत पोहोचलो. बापाने भारतातल्या उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, आणि भूकंपांची यादी केली. मुलाने त्या यादीच्या पलीकडे जाऊन थेट पृथ्वीच्या गाभ्याला हात घातला.

पिता थॉमस ओल्डहॅम मूळचे डब्लिनचे. जन्म 1816 चा. आयर्लंडमध्ये भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आणि तिथल्या सर्वेक्षणाचे प्रमुख म्हणून नाव मिळवल्यावर 1851 साली ते कलकत्त्यास आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची घडी त्यांनी बसवली. कंपनी सरकारला हवा होता कोळसा. साहेबांना हवा होता देशाचा संपूर्ण भूगर्भीय नकाशा. कोळसा शोधता शोधता त्यांनी नकाशाचेही काम पुढे रेटले. पंचवीस वर्षे नोकरी करून 1876 साली ते निवृत्त झाले आणि इंग्लंडात रग्बी गावी जाऊन राहिले. जाताना दोन मोठी कामे अर्धवट राहिली होती. एक, भारतातील उष्ण झऱ्यांची नोंद. दुसरे, भारतातील भूकंपांची जंत्री. शिवाय 10 जानेवारी 1869 रोजी काचारमध्ये झालेल्या भूकंपाची पाहणीही छापायची राहून गेली होती.

रिचर्ड यांचा जन्म 31 जुलै 1858 चा, तोही डब्लिनमध्येच. शिक्षण रग्बीच्या शाळेत आणि मग लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये झाले. 1879 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते वडिलांच्याच खात्यात दाखल झाले. बापाच्या खात्यात मुलगा लागला की लोक काय म्हणतात ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तिकडेही माणसेच राहत होती, तेव्हा कुजबुज झाली असेल तर नवल नाही. या तरुणाने पहिल्या चार वर्षांत जे केले ते पाहिले तर मात्र त्या कुजबुजीला फारसा वाव राहत नाही.

पहिले काम त्यांनी हाती घेतले ते वडिलांच्या कागदांचे. वडील 1878 सालीच वारले होते; त्यांची कागदपत्रे नीट लावून छापण्यास योग्य करण्याचे कष्ट मुलाने उपसले. 1882 आणि 1883 या दोन वर्षांत खात्याच्या ग्रंथमालेच्या एकोणिसाव्या खंडात काचारच्या भूकंपाचा वृत्तान्त, उष्ण झऱ्यांची यादी आणि 1869 अखेरपर्यंतच्या भूकंपांची जंत्री ही तिन्ही बाहेर पडली. झऱ्यांच्या यादीत सुमारे तीनशे ठिकाणे होती. असे काम वरकरणी रुक्ष वाटते. गावाचे नाव, पाण्याचे तापमान, वास, चव, कोणी पाहिले, केव्हा पाहिले, एवढेच काय ते. त्यात ना कथा ना काव्य. पण जमिनीतल्या उष्णतेचा अंदाज घ्यायचा तर पहिली पायरी हीच असते आणि ती आजही बदललेली नाही. कुठे काय आहे ते आधी लिहून काढा, अनुमाने मागाहून.

आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहिले तर या प्रकारच्या यादीत एक गोष्ट चटकन नजरेत भरते. गरम झऱ्यांचा मोठा पट्टा कोकणात आहे. सातिवली, वज्रेश्वरी-अकलोली, गणेशपुरी येथून सुरू होऊन खाली उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी असा तो राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत जातो. लांबी सुमारे साडेतीनशे किलोमीटर. खानदेशात उनपदेव-सुनपदेव आहेत. घाटाच्या पूर्वेला, म्हणजे आपल्या भीमा-घोडच्या खोऱ्यात, तसा झरा नाही. दगड दोन्हीकडे तोच, काळा बसाल्ट. मग पाणी गरम होते ते दगडाच्या ज्वालामुखी कुळामुळे नव्हे, एवढे तर या साध्या यादीवरूनच कळायला हवे. कोकणात सह्याद्रीला समांतर खोल भेगा आहेत. पावसाचे पाणी त्या भेगांतून फार खाली उतरते, तिथल्या खडकाच्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला आणि थंड होऊन गेला. चुलीतली राख कितीही काळी असली तरी तिच्यावर भाकरी भाजत नाही.

आमच्या बोअरचे कोडेही यातच सुटते. खाली जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसने वाढते. सहाशे फूट म्हणजे पाव किलोमीटरही नव्हे. वाढ चार-पाच अंशांची. जमिनीचे वार्षिक सरासरी तापमान पंचवीस-सव्वीस अंश धरले तर पाणी तीस अंशांच्या आसपास येणार. जानेवारीच्या पहाटे बाहेर दहा-बारा अंश असताना ते उबदार लागणार आणि त्यावर वाफही दिसणार. तेच पाणी मे महिन्यात गार लागते, हे मात्र चुलत्यांनी कधी विचारात घेतले नव्हते. मी ते सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला.

रिचर्ड यांच्या नोकरीची पुढची वर्षे बहुतेक तंबूत गेली. मणिपूर आणि नागा टेकड्या, सिमल्याभोवतीचा हिमालय, अंदमान बेटे, बलुचिस्तान असा त्यांचा संचार होता. 1886 साली त्यांनी पंजाबातील नद्यांच्या बदललेल्या पात्रांवर एक निबंध लिहिला आणि त्यात वाळवंटात लुप्त झालेल्या नदीचा माग काढण्याचा प्रयत्न केला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सरस्वतीचा वाद परिचित आहे. त्या वादातील आरंभीच्या शास्त्रीय लेखांपैकी हा एक. 1893 साली भारताच्या भूगर्भशास्त्रावरील खात्याच्या प्रमाणग्रंथाची दुसरी आवृत्ती त्यांनी बहुतांशी नव्याने लिहून सिद्ध केली. हे सर्व करूनही, त्यांचे नाव त्या खात्याच्या चार भिंतींबाहेर गेले असते की नाही कोण जाणे. ते गेले एका आपत्तीमुळे.

12 जून 1897. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास आसाम हादरला. शिलाँग येथील दगडी इमारती काही क्षणांत भुईसपाट झाल्या. सुमारे दीड हजार माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता पाहता ही संख्या कमीच म्हणायची, कारण त्या भागात बहुतेक लोक बांबू-गवताच्या हलक्या घरांत राहत होते आणि वेळ दिवसाउजेडीची होती. ज्याला आपण मागासलेले घर म्हणतो त्याने माणसे वाचवली आणि साहेबांच्या पक्क्या बंगल्यांनी मारली, हा विरोधाभास किल्लारीच्या दगडमातीच्या जाड भिंती आठवणाऱ्याला सहज समजेल.

या भूकंपाची पाहणी ओल्डहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. 1899 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल भूकंपशास्त्रात आजही नमुना मानला जातो. त्यांच्या हाताशी होते तरी काय? त्या वेळी भारतात भूकंपलेखक यंत्राचे जाळे नव्हते. होती ती पडलेली थडगी, कलंडलेले खांब, रेल्वेची स्थानके आणि तारघरे यांतल्या घड्याळांच्या वेळा, आणि लोकांच्या आठवणी. खांब कोणत्या दिशेला पडला यावरून धक्क्याची दिशा. धक्का कुठे केव्हा पोहोचला यावरून त्याचा वेग. या घड्याळांचा मेळ बसता बसत नसे. दौंडसारख्या जंक्शनवर वाढलेल्या आम्हा मुलांना स्थानकातले घड्याळ म्हणजे प्रमाण वाटते; ओल्डहॅम यांना मात्र प्रत्येक घड्याळ साक्षीदारासारखे उलटतपासणी करून घ्यावे लागले. कुठे कुठे जमिनीत रुतलेले धोंडे खळग्याच्या कडांना धक्का न लावता बाहेर उडालेले दिसले. याचा अर्थ जमिनीचा झटका गुरुत्वाकर्षणाहून जोरदार होता, हे त्यांनी ताडले. चेद्रांग नदीकाठी जमीन फाटून एक बाजू जास्तीत जास्त सुमारे पस्तीस फूट वर उचलली गेली होती. तिचेही त्यांनी मोजमाप घेतले. भूकंपानंतर काही भागाचे त्रिकोणमापन पुन्हा करण्यात आले. शंभर वर्षांनी, 2001 साली, दोन संशोधकांनी ती जुनी मापे नव्याने तपासली आणि शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली दडलेल्या एका मोठ्या प्रस्तरभंगाचे अस्तित्व मांडले. त्या प्रस्तरभंगास त्यांनी ओल्डहॅम यांचे नाव दिले.

पण खरी गंमत आसामात नव्हती, ती इटलीत होती. तिथल्या वेधशाळांतील नाजूक यंत्रांनी हजारो किलोमीटरांवरचा हा हादरा टिपला होता. त्या नागमोडी रेषा ओल्डहॅम यांच्यासमोर आल्या तेव्हा त्यांना दिसले की हादरा एकसंध येत नाही. तो तीन हप्त्यांनी येतो. आधी बारीक थरथर, काही मिनिटांनी दुसरी थरथर आणि मग मोठ्या लाटा. पहिल्या लहरी दगडाला दाबत-सोडत पुढे जातात, दुसऱ्या त्याला आडव्या हलवत जातात आणि तिसऱ्या पृथ्वीच्या पाठीवरून रेंगाळत येतात. 1900 साली त्यांनी हे भेद यंत्रांच्या नोंदींवरून स्पष्ट करून दाखवले. आज ज्यांना आपण प्राथमिक, दुय्यम व पृष्ठीय लहरी म्हणून पाठ करतो त्या ह्याच. दरम्यान भारतातही अलीपूर, कुलाबा आणि कोडाईकनाल येथे भूकंपलेखक बसले.

1903 साली, प्रकृती साथ देईना म्हणून, ओल्डहॅम निवृत्त झाले आणि इंग्लंडला परतले. वय पंचेचाळीस. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस आपल्याकडे पेन्शनचा हिशेब करतो आणि नातवंडे खेळवतो. यांनी आपले सर्वांत मोठे काम त्यानंतर केले, आणि तेही कुठल्या डोंगरावर न जाता टेबलाशी बसून. जगभरच्या मोठ्या भूकंपांच्या नोंदी त्यांनी जमवल्या आणि लहर किती अंतरावर किती वेळात पोहोचते याचा आलेख मांडला. अंतर वाढते तशी लहर अधिक खोलातून जाते आणि खोलात खडक अधिक कठीण असल्याने तिचा वेग वाढतो. इथवर सारे सुरळीत होते. परंतु पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला पोहोचणाऱ्या लहरी अपेक्षेहून उशिरा येत होत्या. वाटेत कुठेतरी त्यांची चाल मंदावत होती. याचा अर्थ पृथ्वीच्या मध्याशी निराळ्याच द्रव्याचा एक गोळा असला पाहिजे. 1906 साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी हा निष्कर्ष मांडला आणि गाभ्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे चार दशांश असावी असे म्हटले. त्यांचे आकडे पुढे दुरुस्त झाले. त्यांनी दुय्यम म्हणून धरलेल्या काही लहरी वेगळ्याच निघाल्या, गाभा त्यांच्या अंदाजाहून मोठा ठरला आणि गुटेनबर्ग यांनी त्याची सीमा 2900 किलोमीटर खोलीवर निश्चित केली. तो द्रवरूप आहे हे जेफ्रीज यांनी 1926 साली दाखवले. पण वर्तुळ काढले ते ओल्डहॅम यांनी.

आता आमच्या चुलत्यांच्या लाव्ह्याकडे परत येऊ. आडव्या हलणाऱ्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्या प्रावरणातून मात्र बिनदिक्कत जातात. म्हणजे आपल्या पायांखाली 2900 किलोमीटरपर्यंत, काही मोजके कप्पे वगळता, घट्ट खडक आहे. लाव्ह्याचा समुद्र नाही. उष्णता आहे, खोलात ती प्रचंड आहे. काही पृथ्वीच्या जन्मापासूनची, काही खडकांतल्या किरणोत्सारी द्रव्यांची. पण ती वर येते फार सावकाश. जिथे पृष्ठभागाजवळ ताजा शिलारस आहे, जसे आइसलँडमध्ये, तिथेच ती हाताशी लागते. भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातील बॅरन बेट.

इटलीत लार्देरेल्लो येथे पिएरो जिनोरी कोंती यांनी जमिनीतल्या वाफेवर वीज निर्माण करून काही दिवे पेटवले ते 1904 साली, ओल्डहॅम निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. 1913 साली तिथे 250 किलोवॅटचे वीजकेंद्र उभे राहिले. आपल्याकडे सरकारने उष्ण झऱ्यांसाठी समिती नेमली ती 1966 साली. पुढे लडाखमधील पुगा, हिमाचलातील मणिकरण, छत्तीसगडातील तातापानी आणि आपले कोकण येथे सर्वेक्षण झाले आणि 1991 साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशाचा भूऔष्णिक नकाशासंग्रह काढला. थॉमस ओल्डहॅम यांची तीनशे ठिकाणे त्यात सुमारे 340 झाली आहेत. एका माणसाने तारायंत्राच्या आणि बैलगाडीच्या काळात केलेल्या यादीत शंभर वर्षांनी एवढीच भर पडावी, यातच त्या यादीचे मोल आले.

कोकणातील सर्वांत गरम पाणी सत्तर अंशांच्या घरात आहे. अलास्कात चेना येथे 74 अंशांच्या पाण्यावर 2006 पासून वीज होते, म्हणून आपल्याकडेही होईल असे कोणी म्हणेल. पण तिथे थंड करायला चार अंशांचे पाणी आहे. कोकणात अठ्ठावीस अंशांचे. उष्णतेच्या यंत्राची कमाल कार्यक्षमता या दोन तापमानांवर ठरते. हिशेब केला तर तिकडे ती वीस टक्के येते, इकडे बारा. आणि प्रत्यक्षात हाती याचा अर्धा भागही पडत नाही. मासे सुकवणे, आमसुले वाळवणे अशा कामांना हेच पाणी उत्तम. शिरूर-दौंडला तर तेही नाही. इथे मूल्यमापन करायचे म्हणजे खोल भोक पाडून तापमान मोजत जायचे. तसे भोक कोयनेजवळ गोठणे येथे तीन किलोमीटर खोल पाडले गेले आणि 2017 साली ते पूर्ण झाले. मात्र हेतू विजेचा नव्हता, भूकंपाचा उगम समजून घेण्याचा होता. कोयना परिसरात खडकातून वर येणारी उष्णता मोजली गेली तीही जुन्या, निवालेल्या भूखंडाला साजेशीच निघाली. भूकंप होतो म्हणून खाली आग आहे असे समजण्याला आधार उरत नाही. कोयनेच्या भूकंपाची सांगड धरणातल्या पाण्याशी आणि जुन्या भेगांशी घातली जाते.

मित्राला हे सगळे सांगितले तेव्हा तो थोडा नाराज झाला. मीही झालो होतो. कुकडीच्या काठी जुन्नर तालुक्यात बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे हे वाचून मला वाटले होते की आपल्या भागाचा ज्वालामुखी फार जुना नसावा. पण ती राख सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची निघाली, हजारो किलोमीटर वाऱ्याने वाहून आलेली. आणि ती तोबाच्या कोणत्या उद्रेकाची यावरही तज्ज्ञांत मतभेद आहेत. हीच कुकडी पुढे टाकळी हाजीचे रांजणखळगे ओलांडून घोडनदीला मिळते. ते खळगेही लाव्ह्याने नव्हे, पाण्याने आणि गोट्यांनी कोरलेले आहेत.

ओल्डहॅम यांना पुढे मानसन्मान मिळाले. 1908 साली लायेल पदक, 1911 साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, 1920 ते 1922 लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे अध्यक्षपद. उत्तरायुष्यात ते फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या मुखाकडील प्रदेशात रमले आणि जुन्या नकाशांवरून तिथला किनारा कसा सरकला याचा अभ्यास करत राहिले. भारत मात्र सुटला नाही. 1926 साली, अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी 1819 च्या कच्छ भूकंपावर प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्याच प्रबंधात 1897 च्या आपल्याच निष्कर्षांची फेरतपासणी केली. तीस वर्षांपूर्वी ज्या अहवालाने कीर्ती दिली तोच पुन्हा उघडून त्यात दुरुस्त्या करणे, हे मला त्यांच्या सर्व पदकांपेक्षा अवघड वाटते.

1936 साली डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे दाखवले आणि आपल्या आकृतीत चौथे वर्तुळ आले. त्याच वर्षी 15 जुलै रोजी, अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस पंधरवड्यावर असताना, रिचर्ड ओल्डहॅम वारले. ज्या गावी त्यांनी देह ठेवला ते लँड्रिंडॉड वेल्स हे वेल्समधील गाव औषधी पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. झरे थंड पाण्याचे आहेत.